माझी पहिली 'नवी' प्रजाती शंभर वर्षांची निघाली

माझ्या पहिल्या 'नव्या' पतंगाचं वर्णन शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन अभ्यासकाने छापून ठेवलं होतं. त्याच्याकडे नर होता, माझ्याकडे मादी, एवढाच फरक. नर तपकिरी, जेमतेम नखाएवढा, मिशा पिसासारख्या. मादी पिवळी, दुप्पट मोठी, मिशा साध्या. लायमँट्रिनी या केसाळ पतंगांच्या उपकुळात अशी विजोड जोडपी पावलोपावली भेटतात. मला ते माहीत होतं, तरी चार महिने मी त्या मादीची चित्रं काढत बसलो, मनात नावंही ठरवली. शेवटी डीएनएने तिचा नवरा दाखवून दिला.

(शाळेच्या पुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस. पण बोलताना सगळे स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात, मीही तेच करतोय.)

या कामात येऊ पाहणाऱ्यांची कल्पना अशी असते की, जंगलात जायचं, कुणी न पाहिलेला पतंग पकडायचा, झालं. खरं तर पकडताना काहीच कळत नाही. एखादी प्रजाती नवी आहे हे थेट सिद्ध करता येत नाही. आजवर नाव मिळालेल्यांपैकी ती एकही नाही, हे दाखवावं लागतं. आणि प्राण्यांच्या नावांचा हा हिशोब 1758 पासून, लिनियसपासून सुरू होतो.

जंगल आधी उरकतो. मी काम केलं ते आफ्रिकेतल्या कॅमेरून पर्वताच्या नैऋत्य पायथ्याच्या सखल जंगलात. तिथल्या डेबुंडशा गावात वर्षाला 10,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंबोलीचा पाऊस पाहिलेल्या मलाही तो जड गेला. अमावास्येच्या आसपासच्या रात्री, पांढरा पडदा, मर्क्युरीचा दिवा, जनरेटर. दहानंतर पडद्यावर इतकी गर्दी होते की माणूस हावरा होतो. होऊ नका. शंभर घाईचे नमुने आणण्यापेक्षा वीस नीट आणा. कागदी पाकिटं सिलिका जेलच्या डब्यात ठेवली नाहीत तर दोन दिवसांत बुरशी येते आणि डबा उघडा राहिला तर मुंग्या फक्त पंख शिल्लक ठेवतात. माझा एक डबा असा रिकामा झाला तेव्हा आमचा वाटाड्या 'आशिया' एवढंच म्हणाला. तिथल्या पिजिनमध्ये, म्हणजे इंग्रजी मिसळीच्या बोलीत, हा सांत्वनाचा शब्द आहे, आशिया खंडाशी संबंध नाही. मला ते कळायला आठवडा लागला.

लेबल त्याच रात्री लिहा: अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कुणी पकडला. मी एका रात्री नुसतं 'कॅम्प 2' लिहून झोपलो. पुढच्या मोहिमेत कॅम्प 2 दुसरीकडे होता. ते नमुने आज शोभेचे आहेत.

परवानग्यांना महिने लागतात, हे धरूनच चाला. संशोधनाची वेगळी, नमुने देशाबाहेर न्यायची वेगळी. 2014 पासून नागोया करार, म्हणजे जैविक नमुने मूळ देशाच्या संमतीनेच वापरायचे हा आंतरराष्ट्रीय करार, लागू आहे, त्यामुळे बॅगेत टाकून आणले असले प्रकार केलेत तर पुढे चांगलं नियतकालिक दारात उभं करणार नाही. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्राशिवाय भारतात परतलात तर सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात.

आता खरं काम. पतंगांचे पंख फसवतात. ओळख बहुतेक वेळा पोटाच्या टोकाला असते. पोट अलगद तोडून कॉस्टिक पोटॅशच्या 10 टक्के द्रावणात रात्रभर ठेवायचं, मांस विरघळतं, कडक भाग उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने खवले झाडायचे आणि जननेंद्रियं वेगळी करायची. नराची पकड, म्हणजे व्हॉल्व्हा, तिचा आकार. शिश्नाच्या आत दुमडलेली पिशवी सुईने फुगवून बाहेर काढली की तिच्यावरचे काटे. ही पिशवी फुगवणं मला वर्षभर जमलं नाही. हात बसेपर्यंत सामान्य, भरपूर मिळणाऱ्या पतंगांवर सराव करा; एकुलत्या एका नमुन्यावर शिकायला बसू नका. आणि पोटाच्या बाटलीवर, स्लाइडवर, टाचणीवर एकच क्रमांक हवा. पोटांची अदलाबदल झाली तर दोन्ही नमुने गेले.

डीएनएसाठी एक पाय पुरतो. सीओआय या जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचतात. ओळखीच्या प्रजातींहून दोन-तीन टक्के फरक दिसला की नवखे उड्या मारतात. तो इशारा आहे, निकाल नाही.

निकाल लागतो संग्रहालयाच्या खणांत. आफ्रिकेतल्या पतंगांचे मूळ नमुने, म्हणजे ज्यांवरून नावं दिली ते, लंडन, पॅरिस, बर्लिन, ब्रुसेल्सजवळचं तेर्वुरेन इथे विखुरलेत. गॅबोनच्या ओगोवे नदीकाठी एका मिशनऱ्याने जमवलेले तर पिट्सबर्गला पोचलेत. लंडनच्या खणात लाल कडेच्या गोल चिठ्ठीचा पतंग दिसला की समजायचं, हाच तो, नाव याचं. त्यातल्या कित्येक नावांपुढे नाव देणारा म्हणून हॅम्पसन दिसतो. हा गृहस्थ मुळात नीलगिरीत चहाचा मळा करायला आला होता, तिथे पतंगांच्या नादी लागला आणि पुढे आफ्रिकेच्या पतंगांनाही नावं देत बसला. त्या काळची वर्णनं कधी चार ओळींची, लॅटिनमध्ये. चित्र नाही, जननेंद्रियांचा उल्लेख नाही. म्हणून खणापर्यंत जावंच लागतं, नाहीतर तिथल्या क्युरेटरला नम्रपणे पत्र लिहून फोटो मागवावे लागतात. त्यांना एका वेळी चाळीस फोटो मागू नका. मी मागितले होते.

लिहिताना नियम थोडेच, पण कडक आहेत. जवळच्या प्रजातींहून वेगळेपण कशात, ते शब्दांत. एकच नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार, म्हणून जाहीर करायचा आणि तो कुठल्या संग्रहात राहील ते लिहायचं. फक्त इंटरनेटवर छापणार असाल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीतली नोंदणी त्या निबंधातच दिसायला हवी. अशा प्रकाशनाला 2012 पासून मान्यता आहे. नाव विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं. 'काळा म्हैस' ऐकून मराठी माणसाला जे होतं तेच संपादकाला होतं. स्वतःचं नाव द्यायला नियमांची बंदी नाही, पण लोक हसतात.

पोटापाण्याचं म्हणाल तर निव्वळ वर्गीकरणाच्या नोकऱ्या फार थोड्या. माझा पगार परिसंस्थेच्या प्रकल्पातून येतो. स्लाइडी संध्याकाळी होतात. संख्याशास्त्र शिकून ठेवा. आणि जीव रमतो का ते बघायला आफ्रिकाच कशाला हवी? जुलैत सह्याद्रीतल्या एखाद्या घराच्या अंगणात चादर आणि दिवा लावा, फक्त फोटो काढा, कुळं ओळखायला शिका.

काम मात्र शिल्लक आहे. 2020 साली याच पर्वतावरच्या अलुसिटिडी कुळातल्या, म्हणजे पिसांचे पंख असलेल्या पतंगांच्या, सात नव्या प्रजाती एका निबंधात आल्या. माझ्या टेबलावर सध्या पिवळ्या तीन माद्या आहेत. नाव अजून सुचवलेलं नाही. आधी त्यांचे नवरे कुणी छापलेत का ते शोधतोय.