‘संलग्न’ लिहिताना आणि ‘लग्न’ उलगडताना या चुका टाळा

परवा माझ्याच एका पत्रात हे वाक्य सापडलं: ‘सोबत संलग्न प्रत जोडली आहे.’ एकच गोष्ट तीनदा! पत्र तर केव्हाच रवाना झालं होतं. ‘प्रत सोबत जोडली आहे’ एवढ्यानं भागलं असतं.

संलग्न म्हणजे सम् अधिक लग्न. ‘लग्’ धातूचा अर्थ चिकटणं, बिलगणं. मज्ज्‌पासून मग्न, भञ्ज्‌पासून भग्न, तसं लग्‌पासून लग्न, म्हणजे चिकटलेलं. पाणिनीनं एका सूत्रात (7.2.18) ‘लग्न’ हे रूप ‘सक्त’, म्हणजे जडलेलं, याच अर्थी नेमून दिलं आहे. तेव्हा ‘संलग्नित महाविद्यालय’ लिहू नका. संलग्नमध्ये ‘-लेलं’ आधीच आहे. त्यावर ‘इत’ लावणं म्हणजे ‘चिकटलेलेलं’ म्हणण्यासारखं. नाम हवं असेल तर संलग्नता.

अनुस्वार गाळून ‘सलग्न’ लिहिलेलंही दिसतं. ते चूकच. आणि ‘सलग’ वेगळा: सलग तीन दिवस म्हणजे मध्ये खंड न पडता. संलग्नला मात्र दुसरी बाजू लागते. वाक्य अडलं तर ‘कशाशी?’ विचारून पाहा. महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असतं, आणि तरी त्याचं नाव, त्याची संस्था वेगळीच राहते. ते विद्यापीठात विरून गेलं तर शब्द ‘विलीन’.

आता सगळ्यांची आवडती चूक. ‘दोन जीव चिकटतात म्हणून लग्न’ हे निमंत्रणपत्रिकेत गोड वाटतं, पण शब्द त्या वाटेनं आलेला नाही. तो आकाशातून आला. पूर्व क्षितिजाला त्या घटकेला जी रास लागलेली असते, ती लग्नरास. चोवीस तासांत बारा राशी उगवतात, म्हणून लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. विवाहासाठी यातलं शुभ लग्न निवडायचं, म्हणजे आधी ते मुहूर्ताचं नाव होतं. पुढे त्या मुहूर्तावर होणाऱ्या सोहळ्यालाच चिकटलं. चिकटलेपण आहे, पण राशीचं आणि क्षितिजाचं! ‘विवाह’ची गोष्ट वेगळी: तो वि अधिक वह्, वाहून नेणं. दोन्हींची व्युत्पत्ती एकच समजू नका.

‘लगीन’ला अशुद्ध म्हणून हसणं हीसुद्धा चूकच. जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घालायची ही जुनी खोड आहे. भक्तचा भगत झाला, रत्नाचं रतन झालं, तसंच लग्नाचं लगीन.

याच शब्दाची दुसरी वाट प्राकृतातून गेली. संस्कृत लग्न, प्राकृत लग्ग, मराठी लाग. सप्त, सत्त, सात ही चाल इथंही आहे. आपलं ‘लागणे’ ते हेच: पातेल्याला दूध लागतं, डोळ्याला डोळा लागतो, आजाराची लागण होते, नाद लागतो. म्हणून अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या की मांडवातून कुणीतरी ‘लगीन लागलं!’ म्हणतं, तेव्हा दोन वाटांनी आलेला एकच शब्द स्वतःलाच भेटलेला असतो.