टोइंगसाठी जुनी फोर-बाय-फोर: डिझेल-पेट्रोल नंतर, आधी धर्मकाटा

नाव किंवा कॅराव्हॅन ओढायला जुनी फोर-बाय-फोर घ्यायची, तर डिझेल की पेट्रोल हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न म्हणजे मागे जे ओढायचं आहे ते किती किलोचं आहे, आणि त्याला ‘असेल हजार-बाराशे’ हे उत्तर चालत नाही. जाहिराती बघायला बसण्याआधी ट्रेलर धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, न्या. रिकामा नव्हे, भरलेला. इंदूरात देवास नाक्याला, लोहामंडीला ट्रकांसाठी काटे आहेतच. कुणाच्या तरी पिकअपला जोडून न्या, पावती घ्या. पावतीवरची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडते, म्हणून फोटोही काढून ठेवा.

भरलेला म्हणजे खरोखर भरलेला. नाव विकणारा ४५० किलो सांगतो, पण ते नुसत्या फायबरच्या सांगाड्याचं वजन. वर ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड चढतं, ते सुमारे १०० किलो. ५० लिटर पेट्रोल म्हणजे ३७ किलो. बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेटं, बर्फाची पेटी. आणि खुद्द ट्रेलरचं लोखंड, ज्याची आठवण कुणालाच राहत नाही. फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला असेल तर त्याने ‘मजबूत पाहिजे ना’ म्हणत जाड चॅनल वापरलेलं असतं. २५०-३०० किलो तिथेच गेले. साडेचारशेचे साडेनऊशे असे होतात. कॅराव्हॅन असेल तर पाण्याची टाकी भरून तोला, एक लिटर म्हणजे एक किलो, १०० लिटरची टाकी रिकामी ठेवून काढलेली पावती स्वतःलाच फसवते.

त्याच फेरीत दुसरं वजन घ्या: ट्रेलरचं नाक टो-बॉलवर (गाडीच्या मागच्या, ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर) किती दाबतं ते. एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के धरा, म्हणजे १००० किलोच्या ट्रेलरला ७० ते १०० किलो. याहून कमी असेल तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, जास्त असेल तर गाडीचं मागचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. हे धर्मकाट्यावर नीट कळत नाही, कारण मोठे काटे पाच-दहा किलोच्या टप्प्यांनीच वजन दाखवतात. घरचा बाथरूमचा वजनकाटा घ्या, त्यावर लाकडी ठोकळा उभा करा, ट्रेलर आडवा समतल राहील अशी उंची साधा आणि कपलिंग (टो-बॉलवर बसणारं ट्रेलरचं टोक) त्या ठोकळ्यावर टेकवा. चाकांना दगड लावायला विसरू नका. आकडा जुळत नसेल तर सामान पुढे-मागे सरकवा आणि पुन्हा मोजा.

आता कुणी म्हणेल एवढा आटापिटा कशाला, गाडीत ताकद भरपूर असली की झालं. मग इंदूरचा नकाशा बघा. शहर माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि पाणी खाली नर्मदेच्या खोऱ्यात. खंडवा रोडने हनुवंतियाला, इंदिरा सागर धरणाच्या बॅकवॉटरला, निघालात की सिमरोलच्या पुढे भेरूघाट, ए. बी. रोडने (आग्रा-मुंबई रस्त्याने) गेलात तर मानपूरच्या पुढचा उतार. जाताना माणूस ताजा, इंजिन थंड, रस्ता उताराचा, म्हणून सगळं छान वाटतं. येताना ओली नाव, भर दुपार, मे महिन्यात ४० च्या वरचं तापमान आणि समोर घाट. गाडीची निवड या परतीच्या घाटासाठी करायची असते, आणि घाटात किती किलो चढवायचे ते पावती सांगते. पावती नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

पावतीत ५००-६०० च्या आत आणि वर्षातून चार-पाच फेऱ्या असतील तर पेट्रोल बेलाशक घ्या. डिझेलच्या डोकेदुख्या फुकट कशाला विकत घ्यायच्या? हजाराच्या वर आणि नेहमीचं काम असेल तर डिझेल. दीड टनाच्या वर लहान गाड्यांचा विचारच सोडा, मोठी लॅडर-फ्रेम (शिडीसारख्या लोखंडी चासीवर बांधलेली) डिझेल लागते. मधला ६०० ते १००० चा पट्टा भांडणाचा आहे, तिथे महिन्याचं रनिंग ठरवतं. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. तोच आकडा इथेही पाळा. मारुती जिम्नीचं उदाहरण बघा: परदेशांत तिला ब्रेकवाला ट्रेलर १३०० किलोपर्यंत चालतो, बिनब्रेकचा फक्त ३५०. आपल्याकडचे घरगुती ट्रेलर बहुतेक बिनब्रेकचेच असतात, त्यामुळे लागू पडतो तो दुसरा आकडा. ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंग करू नये असं छापलंय तिच्यावर ‘पण इंजिन दमदार आहे’ हा युक्तिवाद चालवू नका.

इंजिनाचा फरक आकड्यांत असा. जिम्नीचं १.५ लिटर पेट्रोल १३४ एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क, म्हणजे खेचायची ताकद, देतं, तेही ४००० आरपीएमला. जुन्या जिप्सीचं १.३ लिटर तर १०३ एनएमवरच थांबतं. म्हणजे रॅम्पवरून नाव वर ओढताना इंजिन किंचाळवायचं आणि क्लच अर्धा दाबून धरायचा. वास आला की क्लच प्लेटचं आयुष्य गेलं समजा. डिझेल आयडलच्या थोडं वरच खेचायला लागतं, लो-रेंजमध्ये (फोर-बाय-फोरच्या हळू पण जोरकस गिअरांत) क्लच पूर्ण सोडून चालतं. पण ‘पेट्रोलमध्ये टॉर्क नसतो’ हे सगळीकडे खरं नाही. २०२० नंतरच्या थारमध्ये टर्बो-पेट्रोल मॅन्युअलला ३०० एनएम आणि २.२ डिझेललाही ३०० एनएमच आहे. तिथे फरक पडतो तो इंधनाच्या खपाचा आणि उष्णतेचा. ओझं मागे असताना टर्बो-पेट्रोल इंजिन स्वतःला थंड ठेवायला जास्तीचं पेट्रोल ओतत राहतं, अॅव्हरेज धाडकन खाली येतं. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ई-२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) अॅव्हरेज आणखी घटतं. कार्ब्युरेटरच्या जिप्सीत रबरी पाइप बदलल्याशिवाय ई-२० वर भरवसा ठेवू नका, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते ठेवू नका, ओल धरतं.

उतारावर डिझेल जास्त धरून ठेवतं ही समजूत निम्मी खरी. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटला की व्हॅक्यूम तयार होऊन इंजिन गाडीला मागे खेचतं. डिझेलमध्ये ते मुख्यतः नसतं. कम्प्रेशन जास्त म्हणून ब्रेकिंग जास्त असं सरळ गणित नाही. दोन्हींत घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका.

बाजारात पर्याय मोजके आहेत. पेट्रोल फोर-बाय-फोर म्हणजे मुख्यतः जिप्सी, जिम्नी, थार. फॉर्च्युनरचं २.७ पेट्रोल आपल्याकडे टू-व्हील ड्राइव्हच आलं, स्कॉर्पिओ-एनचं पेट्रोलही तसंच. थार म्हटली की फोर-बाय-फोर असंही धरू नका. जानेवारी २०२३ पासून नुसत्या मागच्या चाकांची थारही विकली गेली. फोर-बाय-फोर टाकायचा दुसरा लिव्हर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दलाल ‘भिया, फोर-बाय-फोर है’ सहज म्हणून जातो. डिझेलमध्ये निवड मोठी: जुनी स्कॉर्पिओ, स्कॉर्पिओ-एन, सफारी स्टॉर्म, व्ही-क्रॉस, गुरखा, फॉर्च्युनर, एन्डेव्हर. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा एन्डेव्हर घेताना सुटे भाग कुठून मिळतील ते आधी विचारा.

डिझेल बघायला सकाळी, न सांगता जा. बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी या. पहिल्या स्टार्टला धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा हवेची गडबड, पांढरा गोड वासाचा म्हणजे कूलंट आत जातंय. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि भोकावर नुसतं उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. कॉमन-रेलच्या (नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनांच्या) इंजेक्टरांची रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो ते, मिस्त्रीकडून करून घ्या: चारी बाटल्यांत सारखं डिझेल यायला हवं, एखादीच भराभर भरत असेल तर तो इंजेक्टर खराब. बंद करताना खडखड आली तर ड्युअल-मास फ्लायव्हीलकडे (इंजिनाचे धक्के शोषणाऱ्या जड चाकाकडे) संशय. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, स्कॅनर लावून काजळीचं प्रमाण बघा. शहरातल्या शहरात, राजवाडा ते विजयनगर एवढ्यावरच चार वर्षं फिरलेली कमी किलोमीटरची डिझेल इथे सगळ्यात संशयास्पद; डीपीएफ साफ व्हायला सलग लांब पल्ला लागतो. पेट्रोलचं थोडक्यात: प्लग काढून रंग बघा, कम्प्रेशन मोजा, टर्बो असेल तर इंटरकूलरच्या होसमध्ये ऑइल किती ते बघा.

क्लच: चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग जागेवरच राहिला तर क्लच गेला, ओझ्याशिवाय गेला म्हणजे ओझ्यासह दोन घाट टिकणार नाही.

फोर-बाय-फोरची परीक्षा मातीवर घ्या, डांबरावर नाही. पार्ट-टाइम सिस्टिम (लिव्हर टाकल्यावरच पुढची-मागची चाकं एकत्र जोडणारी) कोरड्या डांबरावर वळवली की ताण साठतो आणि लिव्हर अडकतो. मालकाची चूक नसताना भांडण होतं. लो-रेंज उभ्या गाडीत, न्यूट्रलला टाका. चारी टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. डिफरन्शियलचं ऑइल काढून बोटांत घ्या: दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय, ड्रेन प्लगच्या चुंबकावर टोकदार चकत्या म्हणजे दात तुटलेत. करडी मऊ पेस्ट चालते.

आता घाट. टेस्ट ड्राइव्ह बायपासवर करून काही कळत नाही, सिमरोलच्या पुढे न्या आणि एसी लावून भेरूघाट चढवा. टेम्परेचरच्या काट्यावर विश्वास नको, तो बऱ्याच गाड्यांत मधेच मुद्दाम थांबवलेला असतो. ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनला देणारं छोटं यंत्र) लावा आणि फोनवर कूलंटचा खरा आकडा वाचा. ९० ते १०० ठीक. १०५ च्या वर गेला तर रेडिएटर उघडायला लावा. काळ्या मातीत फिरलेल्या गाड्यांत जाळ्या चिखलाने गच्च असतात, किंवा रेडिएटरच्या व्हिस्कस फॅनची कपलिंग सैल झालेली असते. ११० ला थांबा. आणि हे सगळं ट्रेलर न जोडता चाललंय हे लक्षात ठेवा. ९५० किलो मागे लागल्यावर काय होईल ते तुम्हाला पावतीवरूनच अंदाजायचंय. काढली ना पावती?

टो-बार चासीच्या उभ्या चॅनलना बोल्टने जोडलेला हवा. बंपरला वेल्ड केलेला असेल तर किंमत शून्य धरा, कापून टाकावा लागेल. बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे, टो-बॉल ५० मिलिमीटरचा आणि ट्रेलरचं कपलिंगही त्याच मापाचं. इथे लोक अंदाजे बसवतात. सेफ्टी चेन दोन, कपलिंगच्या खालून एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या. लाइटसाठी सात पिनचा सॉकेट. नव्या गाड्यांत वायर सोलून टेललँपला जोडू नका, रिले मॉड्यूल लावा, नाहीतर बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीचा कॉम्प्युटर) रुसतं. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांचं असेल तर बदला.

कागद. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ मध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) बडगा उगारला, म्हणून तिकडच्या नऊ वर्षांच्या डिझेल इथे स्वस्तात येऊ लागल्या. एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका, आणि एमपीचा टॅक्स किंमतीत धरा. ट्रान्सफरला २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर ३५. पंधरा वर्षांच्या जवळची असेल तर फिटनेसचा खर्च वेगळा.

ट्रेलर कायद्याने स्वतंत्र मोटर वाहन आहे, त्याचं रजिस्ट्रेशन वेगळं. टो-बार लावल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या.