मुशी वयात आली आहे का आणि तिचे वय किती, हे कसे ओळखावे

कोकणातल्या मासळी बाजारात मुशी किंवा मोरी म्हणून विकली जाणारी लहान शार्क पुष्कळदा स्कोलिओडॉन असते. प्राणिशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांनी विच्छेदनासाठी हाताळलेली ती हीच. तिचे वय सांगताना लांबीवर विसंबणे ही पहिली चूक होय. हातभर मुशी पाहून ती पिल्लू असावी असे वाटते, परंतु या जातीची मादी ३५ सेंटिमीटरच्या आसपासच वयात येते. उलट टायगर शार्कचे पिल्लू जन्मतःच ५० सेंटिमीटरहून मोठे असते.

म्हणून मुशी प्रथम उताणी करावी. पोटाच्या मागच्या टोकाला असलेल्या जोडपरांच्या आतल्या कडेला दोन लांबट दांडे दिसले, तर तो नर. शास्त्रीय मराठीत त्यांना आलिंगक म्हणतात आणि त्यांच्याच साहाय्याने शुक्राणू मादीच्या शरीरात पोहोचतात. दांडा आखूड असेल आणि चिमटीत धरल्यावर मऊ लागून सहज वाकत असेल, तर नर अजून वयात आलेला नाही. तो परांच्या कडेबाहेर आलेला, आतून कडक झालेला आणि मुळापासून डोक्याच्या दिशेने फिरवता येण्याजोगा असेल, तर नर प्रौढ समजावा. यातला कडकपणा नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, तो बोटांनीच तपासावा.

मादीच्या बाबतीत पोट उघडल्याशिवाय खात्री होत नाही. स्कोलिओडॉनचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे असते व त्यात पिवळा बलक जवळजवळ नसतो. त्यामुळे गर्भाशयातली पिल्ले नाळ आणि वार यांच्या द्वारे आईकडूनच पोसली जातात. बाहेर येताना ती १२ ते १५ सेंटिमीटरची असतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पुढच्या दोन परांच्या मध्ये, गळ्याखाली, नाळेची बारीक चीर दिसते. ती पुढे भरून येत असल्याने उघडी चीर दिसली की पिल्लू अगदी ताजे आहे असे खुशाल म्हणावे.

खरे वय मात्र मणक्यात असते. घोळीसारख्या माशाच्या डोक्यातल्या ‘दगडा’वर वर्षांची वलये मोजता येतात, शार्कच्या कानात तसा दगड नसतो. पाठीवरच्या पहिल्या पराखालचे दोन-तीन मणके काढून कोमट पाण्यात भिजवावेत, चिकटलेले मांस हलक्या हाताने खरवडावे आणि ते सावलीत वाळवावेत. मग बारीक करवतीने मणक्याच्या बरोबर मधून उभा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा काप घ्यावा. काप डमरूसारखा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या बाहूंवर फिकट आणि गडद पट्टे आलटून पालटून दिसतात. बाहूची कड जिथे किंचित वळते, तो जन्माचा पट्टा. मोजणी त्याच्यानंतर सुरू करावी, आणि पहिला आकडा न पाहता ती दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा करून घ्यावी.

एक फिकट व एक गडद मिळून एक वर्ष, असा हिशेब सर्वसाधारणपणे धरला जातो, पण तो प्रत्येक जातीसाठी आधी पडताळावा लागतो. एंजल शार्कमध्ये पट्टे काळाप्रमाणे नव्हे, तर अंगाच्या वाढीप्रमाणे पडतात. ग्रीनलंड शार्कचे मणके तर इतके मऊ की त्यांत वलयेच उमटत नाहीत. म्हणून २०१६ साली संशोधकांनी तिच्या डोळ्याच्या भिंगातला, जन्माआधीच तयार झालेला गाभा किरणोत्सारी कार्बनने तपासला. पाच मीटर लांबीच्या एका मादीचे वय त्यातून सुमारे ३९२ वर्षे निघाले, पण त्या आकड्यात १२० वर्षांपर्यंत कमीजास्त धरावे लागते.