फेरेटला पशुवैद्याकडे नेताना

कुत्र्यामांजरांवर उपचार करणारा प्रत्येक पशुवैद्य फेरेट (मुंगसासारखा दिसणारा, पण वेगळा असा एक लहान पाळीव प्राणी) तपासतोच असे नाही, म्हणून घरातून निघण्यापूर्वी दूरध्वनी करून तसे स्पष्ट विचारून घ्यावे. हे न विचारता मी मे महिन्यातल्या एका दुपारी कोथरूडहून दोन फेरेट घेऊन रिक्षाने निघालो, कर्वे रस्त्यावरच्या कोंडीत पाऊण तास अडकलो आणि दवाखान्यात पोहोचल्यावर "मुंगूस आम्ही बघत नाही" एवढेच ऐकून परतलो. फेरेटला घामावाटे अंग थंड करता येत नाही आणि ३० अंशांच्या वर त्याला उष्माघात होऊ शकतो. त्यामुळे पुण्याच्या उन्हाळ्यात सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि पाणी गोठवलेली बाटली टॉवेलात गुंडाळून कॅरिअरमध्ये (प्राणी नेण्याच्या पेटीत) ठेवावी. माझी धाकटी फेरेट त्या दिवशी तोंड उघडे टाकून धापा टाकू लागली, तेव्हा रिक्षावाल्याच्या बाटलीतले पाणी मी तिच्या पंजांना लावत बसलो होतो.

खाल्लेले अन्न फेरेटच्या पोटातून ३-४ तासांत पुढे निघून जाते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्याला उपाशी नेऊ नये. डिस्टेंपर (एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) किंवा रेबीजची लस टोचल्यावर किमान अर्धा तास दवाखान्यातच थांबावे, कारण तीव्र प्रतिक्रिया आली तर ती बहुधा तेवढ्याच वेळात दिसते.