व्यावसायिक गोल्फरांच्या स्विंगची तुलना कशी करावी

मुंबईत गोल्फ खेळायला कमी आणि पाहायला जास्त मिळतो. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, ताडदेवचा विलिंग्डन किंवा कुलाब्याचा यूएस क्लब इथे आत जायला सदस्यत्व हवं, नाहीतर सदस्याची ओळख. खारघरला सिडकोचा कोर्स आहे, पण जून ते सप्टेंबर पाऊस ठरवेल तसं. त्यामुळे नव्याने खेळणारे बरेच जण मोबाइलवर मोठ्या खेळाडूंचे स्विंग (काठी फिरवून चेंडू मारण्याची पद्धत) बघत शिकतात. यात गैर काही नाही. मात्र रोरी मॅकिलरॉय आणि जॉन राहम शेजारी ठेवले की फरकच फरक दिसतात आणि कोणाचं उचलावं ते कळत नाही. खाली दिलेल्या क्रमाने पाहिलंत तर हा गोंधळ बराच कमी होईल.

पहिलं काम: क्लिप निवडा

एकाच क्लबचे (म्हणजे गोल्फच्या काठीचे), एकाच कोनातून घेतलेले स्विंग हवेत. ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारणारा क्लब) चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो आणि स्टान्स (पायांमधलं अंतर) रुंद असतो, सात नंबर आयर्नला (पातळ पात्याचा क्लब) चेंडू जमिनीवर आणि पाय जवळ. एकाचा ड्रायव्हर आणि दुसऱ्याचं आयर्न घेऊन बसलात तर तुम्ही खेळाडूंची नव्हे, क्लबांची तुलना करताय. सुरुवात सात नंबर आयर्नने करा.

कोन दोनच लागतात: खेळाडूच्या समोरून आणि चेंडूच्या मागून, लक्ष्याच्या रेषेत. मागून घेतलेल्या क्लिपमध्ये कॅमेरा हातभर इकडेतिकडे असला तरी स्विंगचं प्लेन (क्लब ज्या तिरक्या पातळीत फिरतो ती) बदललेलं दिसतं. म्हणून समाजमाध्यमांवर कुणीतरी लाल-पिवळ्या रेषा मारून ‘बघा, हा किती वरून येतोय’ म्हणतो, त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. मोबाइलवरच्या काही क्लिपांत इम्पॅक्टजवळ (क्लब चेंडूला लागतो तेव्हा) शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, चक्क वाकडी दिसते. सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, त्याचा तो परिणाम असतो. त्यावरून काही निष्कर्ष काढू नका.

थेट प्रक्षेपणावर विसंबायचं तर झोपेचं खोबरं होतं. अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेची शेवटची फेरी आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचारच्या सुमारास संपते. त्यापेक्षा सरावाच्या रेंजवरच्या क्लिप बऱ्या. तिथे एकच खेळाडू एकच क्लब पुन्हा पुन्हा मारतो आणि कॅमेरा हलत नाही.

दुसरं: आधी इम्पॅक्ट, मग मागे

बहुतेक जण अ‍ॅड्रेसपासून (चेंडूपाशी तयार उभं राहतात तिथून) पाहायला लागतात. तुम्ही उलटं करा. क्लब चेंडूला लागतो त्या फ्रेमवर थांबा. हा स्पर्श जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः त्या क्षणी क्लबचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) कुठे बघतोय यावर ठरतं आणि तो हवेत किती वळणार हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या कोनावर. स्विंगमधलं बाकी सगळं त्या क्षणासाठी असतं.

राहम, मॅकिलरॉय, स्कॉटी शेफलर, कॉलिन मोरिकावा यांच्या आयर्नच्या इम्पॅक्टच्या फ्रेम समोरून पाहा. हात चेंडूच्या पुढे, वजन डाव्या पायावर, कंबर लक्ष्याकडे उघडलेली. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी उलट वाचावं.) चौघांच्या फ्रेममध्ये फार कमी फरक आढळेल. आता एकेक फ्रेम मागे जा. फरक कुठे सुरू होतो ते बघा आणि प्रत्येक फरकाची जोड शोधा. खेळाडूने एका जागी काही वेगळं केलं, तर दुसऱ्या जागी त्याची भरपाई असतेच.

तिसरं: डाव्या मनगटावर वेळ घालवा

तुलनेतला सगळ्यात रसाळ भाग हा. बॅकस्विंगच्या टॉपला (क्लब मागे नेऊन सगळ्यात वर पोचतो तिथे) थांबा आणि डावं मनगट पाहा. डस्टिन जॉन्सन, राहम, मोरिकावा आणि व्हिक्टर हॉवलँड यांचं मनगट तळहाताच्या बाजूला वाकलेलं दिसेल. याला ‘बोड’ म्हणतात. अशा मनगटाने क्लबचा फेस बंद होतो. तसाच खाली आणला तर चेंडू डावीकडे जाईल. मग हे लोक काय करतात? शरीर झपाट्याने लक्ष्याकडे फिरवतात आणि हात पुढे ठेवतात, म्हणजे फेस चेंडूपाशी सरळ येतो. वाकलेलं मनगट आणि वेगाने फिरणारी कंबर ही एक जोड झाली. कंबर फिरत नसताना नुसतं मनगट उचललं तर सगळे चेंडू डावीकडच्या झाडीत.

मनगट उलट्या बाजूला, हाताच्या पाठीकडे मोडलं तर फेस उघडतो आणि खाली येताना कोपरापुढचा हात फिरवून तो बंद करावा लागतो. तेही चालतं, पण त्यात वेळेची अचूकता जास्त लागते.

इथेच ग्रिपही (क्लबवरची पकड) पाहा. अ‍ॅड्रेसला डाव्या हाताची किती बोटांची पेरं समोरून दिसतात ते मोजा. राहमची ग्रिप कमकुवत बाजूला आहे, म्हणजे पेरं कमी दिसतात आणि फेस उघडा राहण्याकडे कल असतो. वाकलेलं मनगट तो कल भरून काढतं. ग्रिप, मनगट आणि कंबर या तिन्ही नोंदी एका ओळीत लिहिल्याशिवाय त्याचा स्विंग समजत नाही.

चौथं: शरीराची अडचण विचारात घ्या

राहमचा बॅकस्विंग इतका आखूड का, असा प्रश्न नेहमी पडतो. त्याने स्वतःच सांगितलंय: जन्मतः त्याचं उजवं पाऊल वळलेलं होतं, त्या घोट्याची हालचाल मर्यादित आहे आणि तो पाय सुमारे दीड सेंटिमीटर आखूड आहे. लांब बॅकस्विंगला लागणारी स्थिरता तिथे मिळत नाही, म्हणून त्याने आखूड स्विंग घडवला आणि त्यावर २०२१ चं यूएस ओपन आणि २०२३ चं मास्टर्स जिंकलं. दिवसभर खुर्चीत बसून कंबर आखडलेल्या माणसाने मॅकिलरॉयपेक्षा राहमकडे जास्त बघावं, असं माझं मत आहे. मॅकिलरॉयचा खांद्यांचा भरगच्च वळसा आणि डाव्या कंबरेची झेप पाहायला सुंदर आहे, पण त्यामागे कित्येक वर्षांचा व्यायाम आहे.

शेफलरचा उजवा पाय डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली येताना) मागे घसरतो. जस्टिन थॉमस इम्पॅक्टला टाचा उचलतो. जिम फ्युरिक क्लब बाहेरून वर नेतो आणि मोठा वळसा घालून आत आणतो. त्याच स्विंगने त्याने २०१६ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतली पुरुषांची व्यावसायिक स्पर्धामालिका) ५८ फटक्यांची फेरी मारली. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बुमराहच्या अ‍ॅक्शनवर जी चर्चा होते तीच इथेही लागू: वेगळेपण दिसतं रनअपमध्ये, विकेट मिळते सोडण्याच्या क्षणी.

ब्रायसन डीशॅम्बोला तुलनेत शेवटी घ्या. त्याची सगळी आयर्न एकाच लांबीची, साधारण सात नंबरएवढी आहेत. हात आणि शाफ्ट अ‍ॅड्रेसलाच जवळपास एका रेषेत असतात. त्याच्या स्विंगमधली एखादी गोष्ट नेहमीच्या सेटने करायला गेलात तर जोड तुटलेली असते.

पाचवं: टेम्पो मोजा

साध्या वेगाच्या, सेकंदाला ३० फ्रेमच्या क्लिपवर क्लब हलल्यापासून टॉपपर्यंतच्या आणि टॉपपासून इम्पॅक्टपर्यंतच्या फ्रेम मोजा. व्यावसायिकांचं प्रमाण साधारण तीनास एक येतं, उदाहरणार्थ २४ आणि ८. कोणी २१ आणि ७ असेल, कोणी २७ आणि ९. हिदेकी मात्सुयामा टॉपला थबकतो, त्यामुळे त्याचा आकडा वेगळा वाटेल. टीव्हीवरच्या स्लो मोशनवर हे मोजू नका. तो वेग किती आहे हेच कळत नाही.

सहावं: आपल्या वेगाचा खेळाडू शोधा

पीजीए टूरवर ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी ११५ मैलांच्या आसपास असतो, महिलांच्या एलपीजीए टूरवर ९४-९५. रविवारी सकाळी खेळणारे आपण बहुतेक जण दुसऱ्या आकड्याच्या जवळ किंवा खालीच असतो. एलपीजीएच्या खेळाडू ड्रायव्हरने चेंडू सरासरी तीनेक अंश वर जाणाऱ्या क्लबने मारतात, पीजीएचे किंचित खाली येणाऱ्या. कमी वेगात लांबी काढायची तर पहिलंच उपयोगी. नेली कोर्डाचा ड्रायव्हर समोरून पाहा: चेंडू डाव्या टाचेजवळ, डोकं मागे. भारताची आदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तीही लांब मारणाऱ्यांमध्ये मोडत नसताना. पुरुष मंडळी या क्लिप बघतच नाहीत, हा मला खुळेपणा वाटतो.

शेवटी स्वतःची क्लिप

रेंजवर फोन बॅगेला टेकवा, लेन्स हाताच्या उंचीवर आणि लक्ष्याच्या रेषेत. सेकंदाला २४० फ्रेमवर पाच चेंडू मारा आणि सगळ्यात चांगली क्लिप निवडण्याचा मोह टाळा. मधली घ्या. वहीत तुमच्यासाठी आणि दोन खेळाडूंसाठी पाच रकाने करा: ग्रिप, टॉपचं मनगट, कंबर, इम्पॅक्ट, चेंडूचं वळण. तुमच्या ओळीत जिथे जोड जुळत नाही, तेवढीच एक जागा कोचला दाखवा. क्लिपच्या नावात तारीख आणि क्लबचा नंबर लिहा, नाहीतर पुढच्या महिन्यात कुठली आधीची आणि कुठली नंतरची हे सापडणार नाही.