दोन ठिपके, एक ‘टक्’ आणि आदली संध्याकाळ

पडद्यावर दोन ठिपके समोरासमोरून येतात, मध्यावर भेटतात आणि पुढे जातात. आवाज नसेल तर बहुतेकांना ते आरपार गेलेले दिसतात. भेटीच्या क्षणी ‘टक्’ वाजलं, की तेच ठिपके आपटून मागे फिरल्यासारखे वाटतात. संशोधक रॉबर्ट सेक्युलर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवलेला हा भास मांडायला सामान थोडंच लागतं, पण आदल्या संध्याकाळचे दोन तास मोकळे ठेवा.

आधी मॉनिटर. 60 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवताना, एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, 120 ला 8.3 ची. केबल बदलली असेल तर रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, परत तपासा, गुपचूप 60 वर आलेला असू शकतो. टीव्ही जोडणार असाल तर चित्र ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद. त्यांच्यामुळे चित्र उशिरा दिसतं.

मग खरं काम: चित्र आणि आवाज एकाच क्षणी येतात का ते मोजणं. फोटोडायोड, म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर, पडद्यावर, मायक्रोफोन सहभागी व्यक्तीचा कान जिथे येईल तिथे, आणि दोन्हींच्या वायरी ऑसिलोस्कोपला, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राला. पडदा वरून खाली रंगत जातो, त्यामुळे 60 हर्ट्झला खालची कड जवळपास अख्खी फ्रेम उशिरा उजळते. सोयीचा म्हणून वरचा कोपरा धरून मी एक दुपारभर हरवलेले 8 मिलिसेकंद शोधत बसले होते. ठिपके भेटतात तिथेच, मध्यावर चिकटवा. चोकवाली ट्यूबलाइटही बंद करा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ती सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. आपल्याला पत्ता नसतो, पण ऑसिलोस्कोपवर नुसत्या लाटा उठतात.

ब्लूटूथ हेडफोन नकोच, त्यात आवाज उशिरा येतो. स्पीकर असेल तर पडद्याशेजारी ठेवा. आवाजाला मीटरमागे सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. ‘टक्’ सलग 100 वेळा वाजवून बघा. उशीर दर वेळी तेवढाच असेल तर कोडमध्ये भरून काढता येतो, कमीजास्त होत असेल तर साउंड कार्ड बदला. पंखा बंद.

हनुवटीचा स्टँड टेबलाला घट्ट आवळा. डोळा ते पडदा 57 सेंटीमीटर, म्हणजे पडद्यावरचा 1 सेंटीमीटर डोळ्याला 1 अंशाचा होतो. टेप डोळ्यापासून धरा, टेबलाच्या कडेपासून नाही.

संमतीपत्रं, चालणारी पेनं, फोटोडायोडसाठी जादा सेल. सूचनांचा कागद एकदा मोठ्याने वाचून बघा आणि त्यात ‘टक्कर’ असेल तर खोडा. ‘आरपार गेले’ की ‘मागे फिरले’, एवढंच विचारा.