पायातल्या गुठळीचा उपचार तालुक्याच्या ओपीडीतून कसा चालवावा

एकच पाय दोन-चार दिवसांत सुजला आणि पोटरी दाबल्यावर दुखते, तर आधी रक्ताच्या गुठळीची शंका घ्या. विदर्भात अशा पायाला पटकन हत्तीरोग ठरवलं जातं; पण हत्तीरोगाची कायमची सूज महिनोन्‌महिने वाढत जाते.

गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंमी खाली दोन्ही पोटऱ्या टेपने मोजा. 3 सेंमीहून जास्त फरक, त्यात नुकतंच ऑपरेशन, प्लास्टर किंवा कॅन्सर असेल तर शंका बळावते. डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) जिल्ह्याला आणि तेही परवा, म्हणून उपचार अडवू नका. रक्तस्रावाचा धोका नसेल तर एनोक्सापॅरिन (गुठळी वाढू न देणारं इंजेक्शन) सुरू करा: किलोमागे 1 मिग्रॅ, पोटाच्या त्वचेखाली, दर 12 तासांनी. वजन विचारून लिहू नका, काट्यावर घ्या. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिनसाठी (किडनीची तपासणी) रक्तही त्याच वेळी काढा.

धाप, छातीत दुखणं, ऑक्सिजन कमी, निळा पडलेला पाय, गरोदरपण, किडनीचा आजार, 50,000 खाली प्लेटलेट: यांना ओपीडीत ठेवू नका, लगेच वर पाठवा.

पुढे गोळी दोनपैकी एक: वॉरफरिन किंवा रिव्हारॉक्सबॅन. वॉरफरिनला लागणारी आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) नियमित होणार नसेल तर रिव्हारॉक्सबॅन सोयीचं: जेवणासोबत 15 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 21 दिवस, मग 20 मिग्रॅ एकदा. घोळ होतो तो बाविसाव्या दिवशी. पाकीट संपलं की रुग्ण थांबतो, नाहीतर दोनदाच घेत राहतो. म्हणून दोन्ही पाकिटं पहिल्याच दिवशी द्या आणि बदलाची तारीख त्यांवर लिहा. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल किंवा हृदयात धातूची झडप असेल तर हे औषध देऊ नका.

वॉरफरिन दिलं तर एनोक्सापॅरिन किमान 5 दिवस आणि आयएनआर 24 तास 2 च्या वर राहीपर्यंत सोबत चालू ठेवा. लक्ष्य 2 ते 3. नमुना निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये खुणेपर्यंत भरा आणि तीन-चारदा हलकेच उलटा. अर्धवट भरलेली ट्यूब आयएनआर खोटा वाढवून दाखवते, डॉक्टर गोळी कमी करतात आणि गुठळी वाढते. नमुना फ्रिजमध्ये ठेवू नका. 24 तासांत लॅबला पोचला पाहिजे.

डोस आठवड्याच्या बेरजेवर बदला, साधारण 5 ते 20 टक्के. रोज 5 मिग्रॅवर आयएनआर 1.6 आला तर 35 चे 40 करा: दोन वार 7.5, बाकी 5. मेट्रोनिडॅझोल आणि कोट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिक्सनी आयएनआर चढतो. कंबरदुखीला गावात सर्रास टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक तर बंदच. आशाताईंना हे आवर्जून सांगा. मेथी-पालक बंद करायला लावू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा म्हणावं.

दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्यांना पुरेशा गोळ्या, केसपेपरची प्रत आणि मुक्कामाजवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव लिहून द्या. अशांना वॉरफरिन सांभाळणं कठीण. परवडत असेल तर रिव्हारॉक्सबॅनच द्या.

उपचार किमान 3 महिने. गुठळी ऑपरेशन किंवा प्लास्टरमुळे झाली असेल तर तेव्हा थांबवता येतो. कारण सापडलं नसेल तर फिजिशियनला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.